टिटवी आणि खोडरबर

२०१७ च्या पितृपक्षात एका सकाळी आमच्या घरात टिटवी ओरडली. टिटवी रात्री घरावरून ओरडत गेली तरी आमच्या मेडशीत बरं समजत नाहीत. ही तर माजघरात, टेबलाखाली बसून ओरडत होती. एक लांब सूर, जरा दम, पुन्हा लांब सूर. ज्या दिवसांत लोक कावळ्याची वाट पाहतात, त्या दिवसांत आमच्याकडे टिटवी! सौभाग्यवती हातातली वात तशीच घेऊन देवघरातून बाहेर आली आणि म्हणाली, “अवो, ते तुमचं काहून बोंबलते?”

‘ते तुमचं’ म्हणजे कॉम्प्युटर. घरातल्या दाराआडच्या केरसुणीलाही ती ‘आपली’ म्हणते. कॉम्प्युटर मात्र तीन वर्षं झाली तरी ‘तुमचं’च होतं.

तो मी निवृत्तीच्या वर्षी, म्हणजे २०१४ साली, अकोल्याहून आणला. ‘असेंबल’ केलेला. असेंबल म्हणजे बारा गावचे सुटे भाग एका पत्र्याच्या पेटीत नांदायला घालणं. ते नांदतात, पण भांड्याला भांडं लागतं. आणायचं कारण म्हणजे मी त्यातला प्रमाणपत्रधारक. एमएस-सीआयटी नावाचा कोर्स २००१ साली निघाला आणि पुढे आम्हा गुरुजींच्या वेतनवाढीच्या मानगुटीवर बसला. मिशीला कलप लावून, चपला दाराबाहेर काढून, माझ्याच विद्यार्थ्यांच्या पोरांशेजारी बसून मी तो पास झालो. चपला बाहेर का, तर आत धूळ जाऊ नये म्हणून. आमच्यातले एक वयस्क गुरुजी मात्र शेवटपर्यंत ‘चपलेतून व्हायरस जातो’ असंच धरून चालले होते. त्या कोर्सात कॉम्प्युटर चालू करायचा कसा, बंद करायचा कसा, हे नीट शिकवलं. चालू झालाच नाही तर काय, हा धडा पुस्तकात नव्हता.

मी पुण्याला भाच्याला फोन लावला. भाचा कॉम्प्युटरमध्ये आहे. पूर्वी माणसं बँकेत असत, रेल्वेत असत, आता कॉम्प्युटरमध्ये असतात. त्यात नेमका कुठे, हे एकदा मी सौभाग्यवतीला सांगायला गेलो होतो, “तो जावावर काम करतो.” तिला तीन जावा. ती म्हणाली, “मी बावीस वर्सं जावाइवर काम केलं, मले कोनी दमडी नाही देली.”

“बीप कसे येतात मामाजी? एक लांब दोन शॉर्ट, की नुसते लांब?”

मी फोन पेटीजवळ धरला. टिटवीने पुण्यापर्यंत जीव तोडून सूर लावला.

“सिंपल आहे, मामाजी. रॅमचा इश्यू आहे. रॅम रिसीट करा.”

‘सिंपल आहे’ हे दोन शब्द ऐकले की माझ्या पोटात गोळा येतो. ज्याला येतं त्याने ज्याला येत नाही त्याला हे म्हणणं म्हणजे पाय मोडलेल्याला ‘रस्ता सपाट आहे’ असं सांगणं. (छत्तीस वर्षं मीही फळ्यासमोर उभा राहून पोरांना ‘इतकं सोपं कसं येत नाही रे’ म्हणत आलो, हे त्या क्षणी आठवलं. पण ते दिवस पितरांचे होते, पापं आठवायचेच.) तरी रिसीट हा शब्द ओळखीचा निघाल्याने धीर आला. म्हणालो, “आहे ना, रिसीट आहे. पावती मी जपून ठेवली आहे.”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग मीटिंग आहे म्हणून फोन बंद.

मी पावती खिशात घातली, पेटी सौभाग्यवतीच्या जुन्या लुगड्यात गुंडाळली आणि अकोल्याच्या एसटीत बसलो. मांडीवर लुगड्याचं गाठोडं पाहून कंडक्टरने आधी अदबीने विचारलं, “गुरुजी, काय हाय यात?” कॉम्प्युटर म्हटल्यावर त्याने गाठोड्याला हात लावून पाहिला. ताप पाहतात तसा. “बिमार हाय का?” म्हणाला आणि लगेजचं तिकीट फाडलं.

इथे भूगोलाचा तास घेणं भाग आहे. जुनी माणसं वऱ्हाडाचे दोन भाग करतात, खालचा पयनघाट आणि वरचा बालाघाट. अकोला खाली, आम्ही वर, आणि मधे पातूरचा घाट. १ जुलै १९९८ ला वाशीम जिल्हा वेगळा झाला, आमचा मालेगाव तालुका कागदावर वाशिमात गेला, पण बिघडलेली वस्तू अजून घाट उतरून अकोल्यालाच जाते. सवय आहे.

अकोल्याच्या दुकानात पोराने पेटीला वायरी लावल्या, बटण दाबलं आणि यंत्र निमूट चालू झालं. टिटवी नाही, चिमणी नाही. “काहीच प्रॉब्लेम नाही, काका.” दवाखान्याच्या पायरीवर ताप उतरलेल्या पोराकडे बाप पाहतो, तसं मी पेटीकडे पाहिलं. तपासणीचे दोनशे रुपये दिले, संध्याकाळच्या गाडीने घाट चढून घरी आलो, बटण दाबलं. टिटवी.

असं दोनदा झालं. दुसऱ्या खेपेला कंडक्टरने लगेज घेतलं नाही, पेशंट म्हणून सोडून दिलं.

दरम्यान गावाने उपचार सुरू केले. कोणी सांगितलं, दोन दिवस उन्हात ठेवा. कोणी सांगितलं, अमावस्या जाऊ द्या. नेमका प्रश्न विचारला तो एकट्या मोटार वायंडिंगवाल्याने. दारावरून जाताना आवाज ऐकून तो आत आला, पेटीपाशी उकिडवा बसला. “गुरुजी, आवाज बटन दाबल्याबरोबर येते का थोड्या टायमानं? पंखा फिरते का? बंद पडाच्या आंधी कोनं हात लावला होता?”

आवाज लगेच येत होता, पंखा फिरत होता. तिसऱ्या प्रश्नाला मी उत्तर दिलं नाही.

मला वाटतं, आमच्यासारख्या नवशिक्यांचं खरं दुखणं इथे आहे. विहिरीवरची मोटार बंद पडली तर आमच्याकडचा अडाणी माणूसही मिस्त्रीला काय सांगतो? ‘स्टार्टर उचलते, पन मोटार गुणगुणते अन् फिरत नाही, एक फेज गेली असन.’ अर्धी दुरुस्ती सांगण्यातच होऊन जाते. बैल लंगडला तर कोणत्या पायाने, चढाला की उताराला, वैरण खातो का, सगळं सांगेल. तोच माणूस कॉम्प्युटरपाशी आला की त्याला वाचाच जाते. ‘बंद पडलं’ एवढंच. पडद्यावर काय लिहून आलं होतं? ‘इंग्रजीत काहीतरी आलं, म्या बंद करून टाकलं.’ म्हणजे बिचाऱ्या यंत्राने चिठ्ठी लिहून ठेवलेली असते आणि आपण ती न वाचता चुलीत घालतो. आणि सर्वांत आधी, कोणी विचारायच्या आधी सांगायचं वाक्य, “म्या काहीच नाही केलं.” मीही भाच्याला तेच सांगितलं होतं. खरं असं की आदल्या दिवशी सर्वपित्रीच्या आवराआवरीचं निमित्त करून मी ती पेटी उघडली होती आणि रंगाच्या ब्रशने आतलं जाळं काढलं होतं. हे मी आज पहिल्यांदा लिहून देतो आहे. घरात मराठी वाचता येतं, याची मला कल्पना आहे.

वायंडिंगवाला उठला. “मोटार असती त आत्ता खोलली असती,” म्हणाला, “पन हे बारीक काम हाय. तुमचा तो इद्यार्थी हाय ना सेवा केंद्रवाला, त्याच्याकडं न्या.”

तो विद्यार्थी मला नको होता. चौथीत असताना तो रोज उशिरा यायचा आणि मी त्याला घड्याळ दाखवून दाराबाहेर उभं करायचो. शिवाय त्याच्याजवळ एक खोडरबर होतं. त्याने त्या रबराने माझ्याच हजेरीपटावर, पेन्सिलीने मांडलेल्या, स्वतःच्या गैरहजेऱ्या खोडल्या होत्या. ते रबर मी जप्त केलं. आता तोच स्टँडजवळ ‘आपले सरकार सेवा केंद्र’ चालवत होता, आणि ते दिवस असे की तहसीलदारापेक्षा त्याचा वट जास्त. सरकारने जूनमध्ये दीड लाखापर्यंतची कर्जमाफी जाहीर केली होती आणि अर्ज ऑनलाइन, नवराबायको दोघांच्या आधारसकट. सप्टेंबरातली मुदत तोंडावर आलेली. दिवसा सर्व्हर चालेना म्हणून लोक रात्री रांग लावत. जेवून, घोंगडी घेऊन.

मी रात्री नऊला गाठोडं मांडीवर घेऊन रांगेत बसलो. एकाने विचारलं, “गुरुजी, अंगठा द्याची मशीन घरूनच आनली का?”

पुढे एक म्हातारा अंगठा देत होता. पन्नास वर्षं विळ्याची मूठ धरलेला तो अंगठा. त्यावरच्या रेघा केव्हाच झिजलेल्या. यंत्र नाही म्हणत होतं. पोराने त्याला अंगठा ओल्या फडक्याने पुसायला लावला, मग केसांवरून फिरवायला लावला. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. एकदाही ‘सिंपल आहे’ म्हणाला नाही. “घाई नाही, बाबा. दाबू नका, नुसतं ठेवा. लेकराच्या गालावर ठेवता तसं.” हिरवा दिवा लागला. सारी रांग ‘झालं’ म्हणाली.

माझा नंबर आला तेव्हा साडेदहा वाजले होते. त्याने गाठोडं सोडलं, वायरी जोडल्या, टिटवी ऐकली. विचारलं, “गुरुजी, उघडला होता का?”

रांगेत चाळीस माणसं. मी मान हलवली. वर की खाली, ते नीट दिसू नये अशी.

त्याने बाजूचा पत्रा काढला. हिरवी, बोटभर रुंद पट्टी, दोन्ही टोकांच्या खिट्ट्या दाबल्याबरोबर वर आली. ही रॅम. कॉम्प्युटर काम करताना हाताशी लागणारं सगळं इथे मांडून बसतो, आमच्या हिच्या ओट्यासारखं. ओटाच सापडला नाही तर स्वयंपाक काय करणार, म्हणून ओरडतो. पट्टीच्या खालच्या काठाला सोनेरी दातांची ओळ होती. त्यांवर मळाचा पातळ थर, डोळ्याला दिसेल न दिसेल असा.

“गुरुजी, खोडरबर हाय का?”

माझ्या सदऱ्याच्या खिशात खोडरबर असतं. नोकरी सुटली तरी ते सुटलेलं नाही. मी काढून दिलं. त्याने पट्टी काठाला धरली आणि दात एका दिशेने हलके घासले, एक बाजू, मग दुसरी. रबराच्या काळ्या वळकट्या टेबलावर पडल्या. फुंकर मारून त्या उडवल्या, पट्टी खाचेत ठेवली, दोन्ही अंगठ्यांनी दाबली. टक. दुसऱ्या टोकाला टक.

“हे झालं रिसीट.”

तर रिसीट म्हणजे उठवून पुन्हा बसवणं. माझ्या ब्रशाने हललेली पट्टी पातूरचा घाट उतरताना हादऱ्यांनी बसत असावी आणि चढताना उठत असावी, असं माझं मत आहे. अभियांत्रिकीत हे बसत नसेल, पण चारशे रुपये आणि दोन लगेज... एकच लगेज भरलेल्या माणसाचं मत आहे.

बटण दाबलं. टिटवी गप्प. पडदा उजळला. त्याने इंटरनेट जोडून गुगल उघडलं आणि पडद्यावर स्वच्छ मराठीत पाटी आली : ‘तुमचे घड्याळ मागे आहे.’

पोराने ती मोठ्याने वाचली. दोनदा. मग माझ्याकडे वळून अत्यंत गंभीर चेहऱ्याने म्हणाला, “गुरुजी, तुमचं घड्याळ मांगं हाय. बाहेर उभे राहा.”

रांग इतकी हसली की घोंगडीत झोपलेले दोघे उठून बसले. कोपऱ्यातली तारीख १ जानेवारी २००९ दाखवत होती. वेबसाइट खरी असल्याचा जो दाखला असतो, त्यावर तारखेपासून तारखेपर्यंत लिहिलेलं असतं. २००९ मध्ये वावरणाऱ्या यंत्राला तो दाखला अजून जन्मलेलाच नसतो, म्हणून ते दार उघडत नाही. आतला सेल संपला की असं होतं. वीज गेली तरी तारीख धरून ठेवायला एक चपटा सेल असतो, तीन व्होल्टचा. नाव २०३२. वीस मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून २०३२. गणिताच्या माणसाला हे ऐकून बरं वाटलं. असं नाव ठेवलं तर निदान माप तरी कळतं.

“वाशीमहून आनाव लागन. तंवर रोज चालू केल्यावर तारीख हातानं टाका.”

पैसे विचारले तर घेईना. मी खोडरबरासाठी हात पुढे केला. त्याने ते खिशात टाकलं. “हे जप्त, गुरुजी.”

चार दिवस मी रोज सकाळी कॉम्प्युटरला २००९ मधून ओढून आणलं. खरं सांगतो, जिवावर यायचं. तिथे माझी नोकरी चालू होती, डोक्यावर केस होते, साखर नव्हती.

साखरेवरून आठवलं. कपाटात माझी साखर तपासायचं यंत्र असतं. सर्वपित्रीच्या सकाळी सहज त्याचं मागचं झाकण सरकवलं. आत चकचकीत, चपटा, मोठ्या टिकलीएवढा सेल. वर लिहिलेलं : २०३२.

दुपारी पानावर खीर आली. वाढताना सौभाग्यवती थबकली, यंत्र घेऊन आली, बटण दाबलं. पुन्हा दाबलं.

“हे काहून बंद पडलं?”

“म्या काहीच नाही केलं,” मी म्हणालो आणि वाटी पुढे केली. माजघरात, टेबलावर, तारीख अगदी बरोबर होती.