काकूंनी ग्रुप सोडला!

कळलं का? सी विंगमधल्या काकूंनी सोसायटीचा ग्रुप सोडला. तोही गुपचूप! ना निरोपाचं भाषण, ना 'कुणाचं मन दुखावलं असेल तर क्षमस्व', ना नाव न घेता कुणाला हाणलेला टोला. अहो, ग्रुप सोडायची काही रीतभात आहे की नाही? पूर्वी कुणी गेलं की सगळ्यांच्या देखत तशी ओळ उमटायची, चारही विंगांत फोन खणखणायचे आणि चहा होईपर्यंत कारणं तीन प्रकारांनी घरोघर पोचलेली असायची. मग ऑगस्ट २०२२ मध्ये व्हॉट्सॲपवाल्यांनी जाहीर केलं, की यापुढे कुणी गेलं तर फक्त ॲडमिनला कळेल. झालं! सोसायटीची निम्मी करमणूक बुडाली. निम्मीच म्हणते, कारण गेल्या साठ दिवसांत कोण कोण बाहेर पडलं त्याची यादी ग्रुपच्या माहितीत बघता येते, आणि ती नेमाने उघडून बघणारी माणसं प्रत्येक इमारतीत असतात. (मला कुठून कळलं, हे विचारू नका.)

बरं, ग्रुप एक असता तर गोष्ट वेगळी. आमच्याकडे मुख्य ग्रुप आहे, फक्त सूचनांचा ग्रुप आहे, पाण्याचा आहे, पार्किंगचा आहे, गणपतीचा तर आहेच. भाडेकरूंना वगळून मालकांचा आहे. सेक्रेटरींना वगळून उरलेल्या सगळ्यांचा आहे, आणि त्यात सेक्रेटरींच्या सौभाग्यवती आहेत, हे अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही. पार्किंगच्या ग्रुपवर सर्वांत जास्त कोण भांडतं म्हणाल, तर ज्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही ते तिसऱ्या मजल्यावरचे काका!

आणि चालतं काय तिथे? सकाळी सहाला सूर्यफुलावर शुभ सकाळ. साडेसहाला 'पाणी आलं का?' त्यावर 'ए विंगला आलं', 'बीला नाही', 'आमच्याकडे गढूळ', 'आमच्याकडे गढूळसुद्धा नाही'. मध्येच कुणीतरी छताला आलेल्या ओलीचा फोटो टाकतं आणि त्याखाली सात जण अंगठा दाखवतात. ओल आवडली की काय यांना? दुपारी राजकारणाचा एक लांबलचक फॉरवर्ड येतो. लगेच 'हा सोसायटीचा ग्रुप आहे, इथे राजकारण नको' असं सुनावणारे गृहस्थ पुढे येतात. आदल्या दिवशीचा फॉरवर्ड त्यांचाच होता.

आता ॲडमिनपदाचं बघा. कमिटीत यायला कुणी तयार नाही, पण ॲडमिन व्हायला उड्या! निवडणूक नाही, हिशेब नाही, ऑडिट नाही, शिवाय कुणालाही बाहेर काढायचा अधिकार. वर न्यायालयाचंही अभय. गोंदियाच्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने १ मार्च २०२१ रोजी सांगितलं, की सदस्याने काही आक्षेपार्ह टाकलं तर केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला जबाबदार धरता येत नाही. दोघांचा मिळून तसा काही बेत असेल तर गोष्ट वेगळी. निकाल योग्यच आहे, पण तो आमच्या ॲडमिनच्या कानावर गेल्यापासून त्यांची चाल बदलली आहे. एकदा त्यांनी 'फक्त ॲडमिन लिहू शकतील' हे बटण दाबलं. मुस्कटदाबी, हुकूमशाही, आणीबाणी, सगळे शब्द जिन्यात ऐकू आले आणि रात्री जेवणं व्हायच्या आत समांतर ग्रुप निघाला.

पण खरी आतली बातमी पुढेच आहे. जरा जवळ या.

या एवढ्या मोठ्या जनसमुदायातली माणसं वार्षिक सर्वसाधारण सभेला येतच नाहीत! नोटीस चौदा पूर्ण दिवस आधी लागते. गणसंख्या म्हणजे एकूण सभासदांच्या दोन तृतीयांश किंवा वीस, यांपैकी कमी असेल ती. वीस! पाणी आलं का, या प्रश्नाला याहून जास्त उत्तरं येतात. तरी वीस डोकी जमत नाहीत. मग अध्यक्ष घड्याळ बघतात, सभा तहकूब होते आणि अर्ध्या तासाने तिथेच पुन्हा भरते, या खेपेला गणसंख्येची अट नसते. लोकांना हे इतकं पाठ झालंय की येणारेसुद्धा त्या अर्ध्या तासाच्या हिशेबानेच चपला घालतात. पाचपंचवीस खुर्च्या मांडलेल्या असतात, त्यांवर नऊ जण बसतात, आणि ते नऊ जण सगळ्यांचा मेंटेनन्स, दुरुस्तीचा निधी, लिफ्टचं कंत्राट ठरवून वेफर्स खाऊन घरी जातात. रात्री दहाला ग्रुप पेटतो. 'हे कुणी ठरवलं?' 'आम्हाला विचारलं का?' विचारलं होतं हो, चौदा दिवस आधी, फलकावर.

सी विंगच्या काकू त्या नवांत होत्या, हेही सांगून टाकते. वही घेऊन आल्या होत्या आणि लिफ्टवाल्याच्या बिलावर त्यांनी एकटीने चार प्रश्न विचारले. ग्रुपवर त्यांनी कधी सूर्यफूलही टाकलं नव्हतं.

तुम्ही म्हणाल, मग सगळा दोष सभासदांचा. छे! कमिटीलाही हा ग्रुप लाडका आहे. काहीही विचारा, उत्तर एकच: 'ग्रुपवर टाकलं होतं.' इतिवृत्त कुठे आहे? ग्रुपवर टाकलं होतं. तीन कोटेशनं मागवली का? ग्रुपवर टाकली होती. ते टाकलेलं आता कुठे, तर दोन वाढदिवस, एक श्रद्धांजली आणि साडेतीनशे हात जोडलेल्या चित्रांच्या खाली. इतिवृत्त बघायचा, त्याची प्रत मागायचा सभासदाला कायद्याने हक्क आहे, पण मागतो कोण? ग्रुपवर तावातावाने लिहिलं की भांडल्याचं समाधान मिळतं, आणि ते मिळालं की माणूस अर्ज लिहीत नाही. हे कमिटीला आपल्याआधी कळलंय, असा माझा दाट संशय आहे.

नोव्हेंबर २०२२ पासून तर ग्रुपवर मतदानाचीही सोय आली, बारा पर्यायांपर्यंत! तेव्हापासून आमच्याकडे जिन्याच्या रंगावर दोनदा कौल झाला आणि दोन्ही वेळा वेगळा रंग जिंकला. जिन्याचं ठीक आहे हो. पण परवा एकाने पुनर्विकासाचाच कौल लावला, 'हो' आणि 'नाही' आणि 'बघू'. अहो, शासनाच्या ४ जुलै २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार त्यासाठी विशेष सर्वसाधारण सभा घ्यावी लागते, एकूण सभासदांपैकी ५१ टक्क्यांची संमती लागते, सभेचं चित्रीकरण करावं लागतं. घरं पाडायचा निर्णय अंगठ्याच्या चित्रावर होत नसतो. 'बघू'ला सर्वाधिक मतं पडली, हे आपलं भाग्य.

आणि कमिटीत कुणीच आलं नाही तर? तर निबंधक प्रशासक नेमू शकतात. म्हणजे बाहेरचा माणूस येऊन सोसायटीचा कारभार बघणार, आणि त्याचा मेहनताना आपल्याच निधीतून जाणार. तो आला की त्याचाही एक ग्रुप निघेल, यात मला शंका नाही.

तर वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत व्हावी लागते. नोटीस फलकावर लागेल, वाचा. आणि यंदा तहकूब सभेला नका येऊ, मूळ वेळेला या. वीस जण पुरतात.