पंधरा हजार दिले, पोच कधी देणार?

पोलीस पाटलाचे मानधन महिना ६,५०० रुपयांवरून १५,००० रुपये करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये, लोकसभा निवडणुकीच्या तोंडावर घेतला. राज्यात पदे ३८,७२५. नुसत्या वाढीचा वर्षाचा बोजा ३९४ कोटी ९९ लाख. निवडणूक डोळ्यांपुढे होती म्हणून निर्णय चुकीचा ठरत नाही. साडेसहा हजारांत माणसाला चोवीस तास गावाला जुंपून ठेवायचे, ही लाजेची गोष्ट होती. ती थांबली, चांगले झाले. प्रश्न पुढचा आहे. एवढा पैसा मोजून सरकार त्या माणसाकडून घेते काय?

बारामती-इंदापूरकडच्या गावांत पाहा. सरकार त्याचे पाय वापरते. उभे राहायला, धावायला, बंदोबस्ताला.

आषाढी वारी घ्या. तुकोबारायांची पालखी बारामतीत मुक्काम करून काटेवाडीला येते, तिथे मेंढ्यांचे रिंगण होते. पुढे बेलवडीचे गोल रिंगण, निमगाव केतकी, इंदापूर, सराटी. या वाटेवरच्या गावांचा पोलीस पाटील त्या दिवसांत घरी सापडत नाही. दिंडीचा ट्रक कोणाच्या वावरात उतरवायचा, टँकर कोणत्या विहिरीवर भरायचा, कोणत्या दोन भावांची वाट एकमेकांच्या दारातून जाते आणि म्हणून तिथे गाडी लावायचीच नाही, हे त्याला पाठ असते. बाहेरून बंदोबस्ताला आलेल्या फौजदाराला हे कोण सांगणार?

नाहीतर नीरा डावा कालवा घ्या. पाण्यात प्रेत दिसले की पहिला फोन पाटलाला जातो. तो ठाण्याला कळवतो, गर्दी मागे सारतो, पोलीस येईपर्यंत काठावर बसून राहतो. मग पंच शोधायचे. कोर्टाच्या चकरा नकोत म्हणून माणसे हळूच पांगतात. शेवटी दोघांना हातापाया पडून तयार करायचे. मग प्रेत दवाखान्यात न्यायला गावातली पिकअप बघायची, आणि डिझेलचे कोण देणार हा विषय कोणी काढत नाही. रात्री घरी आल्यावर बायको अंघोळीचे पाणी काढून ठेवते. सकाळी पुन्हा कोणाच्या तरी बांधाचे भांडण दारात उभे.

ही सगळी कामे लागतातच. पण ज्या कामासाठी हे पद निर्माण झाले ते वेगळे आहे. मुलकी पाटील १ जानेवारी १९६३ पासून गेले, वतने संपली, आणि १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने आजचा नेमणुकीचा पोलीस पाटील आणला. गावचाच रहिवासी, दहावी पास, वय २५ ते ४५. प्रांत लेखी परीक्षा घेतात, तोंडी घेतात, मग नेमतात. कायद्याने त्याच्यावर टाकलेली मुख्य जबाबदारी एकच: गावात काय शिजते आहे ते वेळेवर वर कळवणे आणि गुन्हा होण्याआधी अडवणे.

सरकार १५,००० रुपये मोजते ते खरे तर या खबरीसाठी. आणि नेमकी तीच खबर हवेत विरते.

पाटील बीट अंमलदाराला फोन करतो. साहेब, डीपीभोवती दोन रात्री गाडी फिरतेय. साहेब, त्या दोन घरांत कोयते निघायची वेळ आलीय. साहेब, कोपीवरच्या ऊसतोड टोळीला मुकादमाने उचलीच्या वसुलीसाठी अडवून ठेवलंय, बाया-पोरं घाबरलीत. समोरून ‘बघतो’ येते. अंमलदार खरोखर बघतोही. पण त्याच्याकडे कितीतरी गावे, कोर्टाची समन्स, वरून आलेला बंदोबस्त. चार दिवसांनी तो फोन त्याच्याही लक्षात राहत नाही. डीपीतले तांबे गेले की मग पंचनामा होतो, आणि पाटलालाच विचारतात, तुम्हाला आधी कळलं कसं नाही?

त्याला कळले होते. त्याने सांगितलेही होते. पण सांगितल्याची पोच त्याच्याकडे नाही.

ठाण्यात गावनिहाय गुन्ह्यांची वही असते. पाटलाकडे भेटीची वही असते, तीत साहेब येऊन गेल्याची सही होते. म्हणजे झालेला गुन्हा नोंदला जातो, आलेला साहेबही नोंदला जातो. पाटलाने दिलेला इशारा मात्र बहुतेक वेळा फोनवर येतो आणि फोनवरच संपतो. तो कोणत्या तारखेला दिला, कोणी घेतला, पुढे काय केले, याचा कागद पाटलाच्या हातात पडत नाही. ज्या मालासाठी वर्षाला कोट्यवधी मोजायचे त्याची पावतीच फाडायची नाही, असा कारभार आपण किराणा दुकानात तरी चालवून घेऊ का?

बारामतीला याची किंमत ठाऊक आहे. ३० सप्टेंबर २०२४ ला तुळजाराम चतुरचंद महाविद्यालयाच्या आवारात बारावीच्या एका पोराचा कोयत्याने खून झाला. जुन्या भांडणाचा राग, असे तेव्हा समोर आले. काही दिवसांत तेव्हाचे उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी बारामतीत ‘शक्ती’ अभियान जाहीर केले. शक्ती पेटी, शक्ती नंबर, शक्ती कक्ष, शक्ती नजर, शक्ती भेट. मुलामुलींना तक्रारीला जागा मिळाली, हे हवेच होते. पण शहरात शिकणारी ही पोरे एसटीने खेड्यांतून येतात. वर्गातले भांडण संध्याकाळी गावच्या पारावर पोहोचते, सकाळी परत बसमध्ये बसते. शहरात पोलीस पाटील नसतो, गावात असतो. पोराच्या स्टेटसवर कोयता दिसला तर तो चावडीशेजारच्या माणसाला पेटीच्या आधी कळतो. शक्ती कक्षात गावोगावच्या पाटलांची खबर रोज का येऊ नये?

अफवांचेही तसेच. २०२४ च्या पावसाळ्यात पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागात रात्री ड्रोन फिरतात, पाठोपाठ चोर येतात, अशी भीती पसरली. पोरे काठ्या घेऊन जागू लागली. अशा रात्री रस्ता चुकलेला एखादा विक्रेता किंवा भिक्षेकरी वस्तीवर आला तर त्याचे काय होईल, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ ला मुले पळवणारे समजून जमावाने भिक्षा मागायला आलेल्या पाच जणांना ठेचून मारले. पोलिसांची गाडी गावात पोहोचेपर्यंतची ती अर्धी-पाऊण घटका महत्त्वाची असते. त्या वेळात जमावातल्या पोरांना नावाने हाक मारून मागे खेचू शकेल, असा सरकारचा एकच माणूस गावात राहतो. त्याला जमाव कसा हाताळायचा याचे प्रशिक्षण किती दिवसांचे देतो आपण?

पैसा देऊन गावपातळीचा पोलीस उभा करण्याचा मोठा प्रयोग अमेरिकेने १९९४ च्या कायद्याने केला. एक लाख पोलीस लोकांमध्ये फिरते करायचे, असे ठरले. ती योजना आजही चालते. नव्या शिपायाच्या पगारातला साधारण पाऊण वाटा तीन वर्षे केंद्र देते, माणशी कमाल सव्वा लाख डॉलर. उरलेला स्थानिक संस्थेने घालायचा. अनुदान संपल्यावर किमान वर्षभर ते पद स्वतःच्या पैशाने चालू ठेवायचे. आणि अर्जातच लिहायचे, की हा माणूस तुमच्या गावातल्या कोणत्या प्रश्नावर काम करणार. त्यांच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २००५ मध्ये हिशेब तपासला आणि गुन्हे घटण्यात या पैशाचा वाटा माफक असल्याचे सांगितले. त्या देशाची नक्कल करा असे माझे म्हणणे नाही. मला त्यातल्या दोन गोष्टी हव्यात: पैसा कशासाठी हे आधी लिहिणे, आणि नंतर हिशेब मागणे. आपण १५,००० दिले तेव्हा यातले काहीच केले नाही.

आपल्याकडेही हे एकदा झाले होते. तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी १५ ऑगस्ट २००७ ला महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू केली. किती तंटे दाखल, किती मिटले, त्याचे गुण, गुणांवर बक्षीस, बक्षिसाची रक्कम लोकसंख्येप्रमाणे. त्या आकड्यांत काही ठिकाणी फुगवटा आला, हे खरे. तरी गावाने काय केले याची नोंद व्हायची, ती वरपर्यंत जायची, आणि समितीत पोलीस पाटलाच्या शब्दाला वजन असायचे.

यावर लोक म्हणतील, पाटील भावकीतलाच, तो आपल्या माणसाची खबर देईल कशाला? खरे आहे. काही जण देत नाहीत. काही जण विरोधी पॅनेलवाल्यांचीच देतात. म्हणूनच नोंद हवी. तारीखवार कागद झाला की कोण गप्प बसला आणि कोण एकाच घरावर डूख धरून आहे, दोन्ही दिसते. सच्च्या पाटलाला त्याच कागदाचे संरक्षण मिळते. फक्त नाव फुटता कामा नये. उजनीच्या काठावरून वाळूच्या बोटींची खबर देणारा माणूस त्याच काठावर झोपतो. महसूल आणि पोलीस येतात, बोटी उडवून परत जातात. नाव बाहेर गेले तर त्याचा ऊस पेटतो, त्याची मोटार पाण्यात जाते.

पैशाचेही अजून सगळे सरळ झालेले नाही. मानधन महिनोन् महिने थकल्याची तक्रार पोलीस पाटलांच्या संघटना वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. निवृत्तिवेतन नाही. होमगार्डला ऑक्टोबर २०२४ पासून कर्तव्याच्या दिवसाला १,०८३ रुपये मिळतात, ते योग्यच. पण पाटलाचे १५,००० तीस दिवसांनी भागले तर दिवसाला ५०० येतात, आणि त्याच्या कर्तव्याला सुट्टीचा दिवस नसतो. जिथे पद रिकामे तिथे शेजारच्या पाटलाकडे अतिरिक्त कार्यभार. म्हणजे ज्याला आपले गाव कळते त्याला दुसऱ्याचे सांभाळायला सांगायचे. ३० टक्के पदे महिलांसाठी राखीव, पण ठाण्याचा फोन बाईंच्या नवऱ्याला जातो. तो आधी बंद करा. कोणत्या घरात सुनेला मारहाण होते, कोणाच्या पोरीचे वय लपवून लग्न ठरते आहे, हे बाई पोलीस पाटलालाच आधी कळते.

खबरीची नोंद आणि रिक्त पदांची भरती सुरू करायला मंत्रालयाच्या नव्या जीआरची गरज नाही. बारामती आणि इंदापूर हे दोन्ही तालुके एकाच प्रांतांच्या अखत्यारीत येतात. प्रांतांनी रिक्त गावांची यादी कार्यालयाबाहेर लावावी आणि भरतीची तारीख तिच्याखाली लिहावी. पुणे ग्रामीणच्या अधीक्षकांनी सगळ्या ठाण्यांना एक आदेश काढावा: पाटलाची खबर आली की ठाणे अंमलदाराने स्टेशन डायरीत घ्यायची आणि नोंदीचा क्रमांक लगेच त्याच्या मोबाईलवर पाठवायचा. आणि पुढच्या मासिक बैठकीला बंदोबस्ताच्या तारखा वाटण्याआधी, गेल्या महिन्यात कोणत्या गावातून काय कळवले गेले आणि ठाण्याने त्यावर काय केले, ते प्रभारी अधिकाऱ्याने पाटलांसमोर उभे राहून वाचून दाखवावे.