संगणकातले मानकरी घरी बसवण्याची शास्त्रोक्त पद्धत

भंडारदऱ्याच्या पाणलोटात पाऊस लागला की राजूरची वीज जाते. ती आली की सेवा केंद्रातला संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, आणि तोवर रतनवाडी-कुमशेतहून जातीच्या दाखल्याला आलेली माणसं भिंतीला टेकून उभी राहतात. संगणक या काळात काय करतो? सत्कार समारंभ. डांगी जनावरांच्या प्रदर्शनात जसं आधी व्यासपीठ भरतं आणि मग बैलाकडे लक्ष जातं, तसंच इथेही आहे. तेव्हा संगणकासोबत न बोलावता सुरू होणारे प्रोग्राम, म्हणजे हे मानकरी, कमी करावेत. पद्धत पुढीलप्रमाणे:

१. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणं एकदम दाबावीत. टास्क मॅनेजर उघडतो. त्यात विंडोज १० असेल तर ‘स्टार्टअप’ आणि ११ असेल तर ‘स्टार्टअप ॲप्स’ शोधावं. विंडोज ७ वर अजून श्रद्धा असलेल्यांनी ‘रन’मध्ये एमएसकॉन्फिग टाइप करावं.

२. यादी वाचावी. गाणी ऐकवणारा, मीटिंग भरवणारा, प्रिंटरचा खासगी सचिव, अपडेट आलं का हे विचारायलाच नेमलेला, असे सगळे भेटतील. स्काइप दिसल्यास दचकू नये. ती सेवा मे २०२५ मध्येच बंद झाली, पण मानकऱ्याचं नाव पत्रिकेतून इतक्या लवकर निघत नाही.

३. ‘स्टार्टअप इम्पॅक्ट’ हा रकाना पाहावा. सुरू होताना प्रोसेसरचा एक सेकंदाहून जास्त वेळ खाणाऱ्याला किंवा डिस्कवर ३ एमबीहून जास्त वाचन-लेखन करणाऱ्याला विंडोज ‘हाय’ ठरवतं. सुरुवात तिथूनच करावी.

४. नावावर उजवी क्लिक करून ‘डिसेबल’ म्हणावं. यात कुणाचा जीव जात नाही. प्रोग्राम संगणकातच राहतो, बोलावल्यावर येतो. फक्त न बोलावता येणं थांबतं.

५. अपवाद पाळावेत. अँटिव्हायरस, टचपॅड आणि मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर यांना हात लावू नये. शेजारच्या ‘सर्व्हिसेस’मध्ये तर डोकावूच नये. अंगठ्याच्या यंत्राची आरडी सर्व्हिस तिथे असते. ती बंद पडली की ई-केवायसी अडते. मग आवणी करून रेघा झिजलेला अंगठा म्हातारी पदराला पुसून पुन्हा पुन्हा काचेवर ठेवते, आणि ऑपरेटर तिलाच सांगतो, “आजी, जरा नीट दाबा.”

६. संगणक रिस्टार्ट करावा. तरीही ढिम्मच असेल, तर टास्क मॅनेजरच्या त्याच पानावर ‘लास्ट बायोस टाइम’ पाहावा. तो आकडाच मोठा असेल, तर विंडोज जागं होण्याआधीच वेळ जातो आहे. मानकऱ्यांवर राग काढू नये. आकडा लहान आणि हार्ड डिस्क जुनी असेल, तर एसएसडी बसवावी.

७. महिन्यातून एकदा यादी पुन्हा तपासावी. नवं सॉफ्टवेअर बसवलं किंवा जुन्याचं अपडेट आलं की काही मंडळी गुपचूप खुर्चीवर येऊन बसतात.

एवढं केल्यावर संगणक लवकर सुरू होईल आणि ‘सर्व्हर डाउन आहे’ ही सूचना पूर्वीपेक्षा लवकर वाचायला मिळेल. तिच्यावरचा उपाय प्रस्तुत मार्गदर्शनाच्या कक्षेत येत नाही.