मुदतवाढ

ज्या प्रकरणावर दोन मामलेदारांनी आणि एका प्रांतांनी डोळे मिटून सही केलेली आहे, त्याची फीत सोडून, चष्मा कपाळावर चढवून, घटकाभरात ‘इतर हक्काच्या रकान्यात खाडाखोड आहे, अर्जदाराकडे परत पाठवा’ असे निर्विकारपणे सांगणारा एक तरी मनुष्य दर जिल्ह्याच्या कचेरीत असतोच. आमच्या कचेरीत तो मान अव्वल कारकून बापूसाहेबांचा होता. कायदा हा पाळण्यासाठी नसून वाचण्यासाठी असतो, आणि तो पुरता वाचला तर पाळण्याची वेळ सहसा येत नाही, असे त्यांचे नोकरीभराचे सूत्र असे. हे सूत्र रयतेच्या अर्जांपुरते राहिले असते, तर एक नामांकित कारकून म्हणून हार-तुरे घेऊन ते घरी गेले असते. त्यांनी ते स्वतःच्या सिगारेटला लावले.

धूम्रपान सोडू पाहणारा मनुष्य निश्चयाने दुबळा असतो, असे जे सर्वत्र मानले जाते, ते बापूसाहेबांच्या सहवासानंतर मला पटेनासे झाले. निश्चयाची त्यांच्यापाशी कधीच वाण नव्हती. दर पाडव्याला, दर आषाढीला, आणि रात्री खोकल्याची ढास फारच लागली तर मधल्या एखाद्या किरकोळ मंगळवारीदेखील ते निश्चय करीत. अडचण होती ती त्यांच्या बुद्धीची. निश्चय झाला की त्यांना त्यात मसुदा दिसे, आणि मसुदा दिसला की त्यांचा हात आपोआप पोटकलमाकडे जाई.

त्यांची सिगारेट म्हणजे हैदराबादची चारमिनार. पिवळ्या पाकिटातली, आखूड, बिनफिल्टरची आणि जिवाला चटका लावणारी. कचेरीच्या फाटकाबाहेरच्या पानपट्टीवर सुंभाचा एक तुकडा दिवसभर धुमसत लोंबत असे. त्याच्यापुढे मान किंचित लववून बापूसाहेब सिगारेट शिलगावीत तेव्हा नवख्याला वाटावे की गृहस्थ देवदर्शन घेत आहेत. पण त्याआधीचा विधी मोठा पाहण्यासारखा. पाकिटातून एक कांडी काढायची, डाव्या अंगठ्याच्या नखावर तिचे टोक दोनदा आपटून तंबाखू बसवून घ्यायची, ओठात धरायची, मग काही आठवल्यासारखे करून पुन्हा काढायची, आणि ओठाला चिकटलेला तंबाखूचा कण जिभेच्या शेंड्याने दूर सारून म्हणायचे, “सोडायची आहे हो!” हे वाक्य उच्चारल्याखेरीज त्यांनी कांडी शिलगावलेली मी पाहिली नाही. माझ्या अंदाजाने त्या वाक्यावाचून त्यांना सिगारेट लागतच नसावी.

माझ्या डोळ्यांदेखत झालेला त्यांचा पहिला मोठा त्याग ‘आजपासून सिगारेट विकत घेणार नाही’ या शब्दांत जाहीर झाला. आम्ही कनिष्ठ मंडळींनी त्याचे मनःपूर्वक अभिनंदन केले, आणि त्या शब्दरचनेतील खोच चहाच्या वेळेपर्यंत कोणाच्याही ध्यानात आली नाही. चहा झाल्यावर बापूसाहेब माझ्या टेबलाशी आले, खुर्ची ओढून बसले, आणि माझ्या खिशाकडे अशा काही नजरेने पाहू लागले, की वसुलीला आलेल्या तलाठ्यापुढे कुणब्याने करावे तसे मी निमूटपणे पाकीट पुढे केले. निश्चय खरेदीपुरता होता; ओढण्याबद्दल मसुद्यात अवाक्षर नव्हते. महिन्याभरात सबंध शाखा त्यांच्या व्रताची मांडलिक झाली. एका चलाख कारकुनाने या कराला कंटाळून बिडीवर मुक्काम हलविला, तेव्हा बापूसाहेबांनी ‘बिडी ही सिगारेटच्या व्याख्येत येत नाही’ असा निर्णय देऊन त्याच्या बंडलातूनही हिस्सा घेण्यास प्रारंभ केला. पुढे १९७५ साली केंद्र सरकारने सिगारेटच्या पाकिटावर वैधानिक इशारा छापण्याचा कायदा केला आणि त्यातून बिडी वगळली, त्या वेळी आपला निवाडा थेट दिल्लीत कायम झाल्याचा आनंद त्यांच्या चेहऱ्यावर आठवडाभर टिकून होता.

त्या इशाऱ्याचे त्यांनी केलेले वाचन तर विस्मयकारक होते. धूम्रपान प्रकृतीस अपायकारक आहे, एवढेच पाकीट सांगते. कोणाच्या प्रकृतीस, किती प्रमाणात आणि किती मुदतीत, याचा खुलासा नाही. शिवाय इशारा म्हणजे मनाई नव्हे. सरकारला मनाई करावयाची असती तर त्याला शब्द माहीत नव्हते थोडेच! “आपले सरकार काळजी व्यक्त करते,” छताकडे धूर सोडीत बापूसाहेब म्हणत, “आणि काळजी व्यक्त करणाऱ्याशी आपण सौजन्याने वागावे, एवढेच कायद्याला अभिप्रेत आहे.”

वैद्यकाचीही त्यांनी अशीच विल्हेवाट लावली. लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सने १९६२ साली आणि अमेरिकेच्या सर्जन जनरलने १९६४ च्या जानेवारीत सिगारेट आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचे नाते उघडपणे मांडले, ही हकीकत आमच्यातल्या एका वाचनप्रिय सहकाऱ्याने त्यांच्यापुढे ठेवली, तेव्हा ते अहवाल आपल्या बारनिशीत नोंदलेले नाहीत, एवढे उत्तर त्यांनी दिले. गावातले डॉक्टर मात्र नेटाचे होते. शेवटच्या झुरक्यानंतर दोनएक तासांत रक्तातले निकोटिन निम्म्यावर येते, म्हणून मनुष्य पुन्हा खिसा चाचपू लागतो. पहिले दोन-तीन दिवस सर्वांत खडतर, पुढे धार बोथट होत जाते. आणि कोणतीही एक तलफ आली की ती काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ पाणी प्यावे, चार पावले चालावे, असे त्यांनी समजावून सांगितले. इतकी सरळ गोष्ट, परंतु बापूसाहेबांनी विचारले, “काही मिनिटे म्हणजे नक्की किती? मुदत मोघम ठेवली की पक्षकाराची गैरसोय होते.” डॉक्टर हसले. ही चूक होती. कचेरीत ज्याच्या हरकतीला वरिष्ठ हसतात, ती हरकत मान्य झाली असे समजण्याचा प्रघात आहे.

याचा अर्थ त्यांनी प्रामाणिक प्रयत्न केलेच नाहीत असा नव्हे. खरोखरीच बंद केलेले काही दिवस मी पाहिले आहेत, आणि ते न पाहतो तर बरे, असे आजही वाटते. त्या दिवसांत त्यांच्या एका खिशात बडीशेप, दुसऱ्यात लवंगा आणि कोटाच्या आतल्या खिशात आवळासुपारी असे. तोंड अखंड चालू आणि मिजाज अखंड बिघडलेली. ज्यांच्या प्रकरणात काडीचीही त्रुटी नव्हती अशा अर्जदारांनाही त्या सुमारास तीन-तीन हेलपाटे पडले. सकाळी पहिल्या झुरक्यावाचून पोट साफ होत नाही, ही पुरुषवर्गाची सनातन तक्रार त्यांनी घरात इतक्या तपशिलाने मांडली, की माजघरातल्या मंडळींना चहा नकोसा व्हावा. वजन वाढले, कोटाची बटणे ताणली गेली, आणि चौथ्या की पाचव्या दिवशी स्वतः वहिनींनी, ज्यांनी हे व्यसन सुटावे म्हणून सोळा सोमवार केले होते, चारमिनारचे पाकीट आणून त्यांच्या ताटाशेजारी ठेवले आणि म्हटले, “अहो, ओढा ती एकदाची आणि पोराच्या अंगावर ओरडणं थांबवा.” बापूसाहेबांनी ही घटना पुढे आयुष्यभर ‘घरच्यांच्या आग्रहास्तव’ या सदरात दाखल केली.

मग काही काळ क्रमशः सोडण्याचा प्रयोग झाला. चारमिनार जाऊन फिल्टरची विल्स आली. गाळून आलेला धूर निम्मा धरावा, असे ठरवून त्यांनी दोन विल्सना एक चारमिनार हा विनिमयाचा दर बांधला, आणि सायंकाळी हिशेब करताना दिवसाकाठी चार सिगारेटींची बचत दाखवीत, ते खर्चाच्या बाजूला दुपटीने वाढत गेले.

काशीयात्रेची गोष्ट मला खुद्द वहिनींनी सांगितली. काशीस जाऊन आपल्या आवडीची एक वस्तू कायमची सोडावी, अशी आपल्याकडची जुनी चाल आहे, आणि ती मनात धरूनच या माउलीने तिकिटांचे पैसे वर्षभर डब्यात साठविले होते. ब्रह्माघाटाकडे राहणाऱ्या मराठी उपाध्यायांनी दोघांना गंगेच्या पायरीवर बसविले, यजमानांच्या ओंजळीत पाणी दिले आणि विचारले, “बोला, काय सोडताय?” वहिनींनी श्वास रोखला. बापूसाहेबांनी डोळे मिटले, क्षणभर अंतर्मुख झाले आणि गंभीर स्वरात म्हणाले, “फणस.” आमच्या देशावरच्या गावात फणस येतो वर्षाकाठी एकदा, कोकणातून आलेल्या पाहुण्याबरोबर, आणि त्याच्या वासासरशी बापूसाहेब नाकाला उपरणे लावून अंगणात जातात. उपाध्यायांनी संकल्प सांगितला. फणस गंगार्पण झाला. वहिनींची पाळी आली तेव्हा त्यांनी वांगी सोडली. भरल्या वांग्यांवर त्यांचा जीव किती, हे आम्ही शेजारी जाणतो. पुढे दर चंपाषष्ठीला त्यांनी खंडोबाच्या नैवेद्यासाठी भरीत-रोडगा केला, पंक्तीला वाढला, आणि स्वतः रोडगा नुसता खाल्ला. प्रसादाला दोष नसतो, शास्त्रात तशी सवलत आहे, असे बापूसाहेबांनी एकदा त्यांना सुचवून पाहिले. “तुमच्या शास्त्रात असेल,” एवढेच म्हणून त्या भांडी आवरायला उठल्या.

सवलतीचा सर्वांत भारदस्त दाखला मात्र त्यांना इतिहासात सापडला. नगरवाचनालयात बसून मोगलाईवरचा एखादा ग्रंथ चाळण्याचा त्यांना नाद होता, आणि त्यात त्यांना जहांगिराची आठवण मिळाली. बादशहाने १६१७ साली तंबाखूवर बंदी घालणारे फर्मान काढले. तिकडे इराणच्या शाह अब्बासनेही तशीच बंदी केलेली होती. परंतु जहांगिराचा वकील खान आलम इराणात गेला, तो तंबाखूवाचून घटकाभरही राहू न शकणारा. ही अडचण शहाच्या कानी गेली तेव्हा शहाने पद्यात शेरा मारून त्याला मोकळीक दिली, असे बादशहा स्वतःच्या आत्मचरित्रात नमूद करतो. बापूसाहेब हा दाखला घेऊन कचेरीत आले तेव्हा त्यांचा चेहरा विलक्षण उजळला होता. दोन बादशहांची मनाई, आणि तरी एका नोकरदाराला सूट! “माणूस सरकारी कामावर असला, की त्याच्या तलफेला राजमान्यता असते,” असा त्याचा सारांश काढून त्यांनी माझ्यापुढे हात केला. मी पाकीट काढले. खान आलमाच्या बाजूने निकाल लागल्यावर मी कोण?

सेवानिवृत्तीनंतर दुसऱ्या पावसाळ्यात त्यांना दम लागू लागला. छातीचा फोटो काढला गेला, डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला आणि या खेपेस ते हसले नाहीत. बापूसाहेबांनी तो फोटो मागून घेतला, उलटसुलट करून बराच वेळ न्याहाळला, आणि नोकरीच्या काळात कधी घडले नव्हते ते घडले: त्यांना त्यात त्रुटी काढता आली नाही. त्या दिवसापासून त्यांनी सिगारेट ओढलेली नाही, हे मी शपथपत्रावर लिहून देईन. अर्थात प्रकरण निकालात काढलेले नाही, तहकूब आहे. कपाटात जुन्या पंचांगांमागे एक चारमिनार शिल्लक म्हणून ठेवलेली आहे, आणि ती कशासाठी असे कोणी विचारले तर खाते बंद करावयाचे की नाही ते वरून हुकूम आल्यावर पाहू, असे उत्तर मिळते. सायंकाळी ते ओट्यावर बसतात ते वाऱ्याचा रोख पाहून, नाक्यावरच्या पानपट्टीच्या बरोबर खालच्या अंगाला. भेटीस येणाऱ्याला ‘तू ओढ, माझी हरकत नाही’ असे अगत्याने सांगतात, आणि न ओढणारा निघाला तर त्याला चहावरच वाटेस लावतात.

मागल्या दिवाळीत त्यांचा पुतण्या पुण्याहून आला. बापूसाहेबांनी त्याच्यासाठी राखदाणी पुढे सरकविली, खुर्ची जवळ ओढली, आणि तो म्हणाला, “काका, मी सोडली. दसऱ्यापासून एकदम बंद.” बापूसाहेबांचा चेहरा पडला. मग त्या धास्तावलेल्या पोराला त्यांनी अर्धा तास ऐकविले: एकदम बंद करणे शरीराला मानवत नाही, त्याने वजन वाढते, पोटाच्या तक्रारी सुरू होतात, स्वभाव बिघडून घरच्यांना नाहक ताप होतो, या गोष्टी क्रमानेच व्हाव्या लागतात. पोरगा उठता उठता म्हणाला, “मग आता काय करू म्हणता?”

“आता असं कर,” राखदाणी पुन्हा त्याच्यापुढे सरकवीत बापूसाहेब म्हणाले, “तूर्त नुसतं विकत घेणं थांबव.”