पैसे देऊन काढलेला शॉकअप

परभणी जिल्ह्यात डोंगर नाहीत असं म्हटलं की जिंतूरवाले चिडतात, आणि त्यांचं चिडणं रास्त आहे. त्यांच्याकडे नेमगिरी आहे, येलदरी धरणाकडे जाणारा रस्ता बऱ्यापैकी दम काढतो. तिकडे गंगाखेडच्या खाली बालाघाटाचे डोंगर लागतात. पण परभणी शहरातल्या माणसाच्या वाट्याला चढ म्हणून येतो तो रेल्वेवरचा उड्डाणपूल. अशा गावात ज्याला माउंटन बाइकचा नाद लागला, तो हातचा गेला असंच लोक धरून चालतात. त्यात माझा नाद आणखी तिरपागडा. हौशी लोक या सायकलींना पुढून-मागून शॉकअप लावून घेतात. मला आवडतात त्या दोनच जाती: फक्त पुढे शॉकअप असलेली हार्डटेल आणि कुठेच नसलेली रिजिड.

"म्हणजे साधी सायकल," बायको म्हणाली.

सायकल पुण्याहून खोक्यातून आली तेव्हा घरात तिची रीतसर पाहणी झाली. स्टँड नाही. मडगार्ड नाही. कॅरिअर नाही, घंटी नाही, कुलूप नाही. पायडलसुद्धा वेगळी विकत घ्यावी लागली होती, पण ते मी बोललो नाही. "मग एवढे पैसे नेमके कशाचे घेतले?" या प्रश्नाला 'क्रोमोली' असं उत्तर देऊन भागत नाही. क्रोमियम आणि मॉलिब्डेनम घातलेलं पोलाद, त्याची नळी पातळ असली तरी मजबूत राहते, खड्ड्याचा थोडा हादरा फ्रेमच पोटात घेते, असं सगळं मी समजावून सांगितलं. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "लोखंडच ना?"

खेड्यात चौकशी जास्त मुद्देसूद होते. पारावर थांबलं की पहिला प्रश्न, केवढ्याला पडली? मी खऱ्या किमतीचा तिसरा हिस्सा सांगतो. (घरी निम्मी सांगितली आहे. हिशेब लक्षात ठेवावा लागतो.) त्यावर लगेच निकाल येतो, "एवढ्यात सेकंडहँड स्प्लेंडर आली असती, सर." मग कुणीतरी टायर दाबून बघतो, कुणी गिअर खटखट करून बघतो, आणि एखादे आजोबा हँडलवर हात ठेवून विचारतात, "हिला स्टँड कामून नाही?" वजन कमी व्हावं म्हणून, असं मी सांगतो. आजोबा माझ्या पोटाकडे बघतात.

एवढं झाल्यावर मी तो एकुलता एक शॉकअपही काढून टाकायचं ठरवलं. कारण सांगतो. स्वस्तातला स्प्रिंगचा शॉकअप भरतो अडीच किलोच्या आसपास. चढावर उभं राहून पायडल मारायला लागलं की तो दर पायडलला खाली वाकून नमस्कार करतो, आणि मांडीतलं बळ रस्त्याऐवजी त्या नमस्कारात जातं. त्याच्या सीलमध्ये धूळ शिरते, मग तो वाकलेला वर येत नाही. साधा पोलादी चिमटा मात्र सव्वा किलोच्या आत-बाहेर येतो आणि आयुष्यभर त्याला रंगाशिवाय काही लागत नाही. आमचे सायकलवाले चाचा हे ऐकून पाना हातात धरून बसले. "सर, लोकं इथं शॉकअप लावून घ्यायला येतात. तुम्ही पैसे देऊन काढून घ्यायलात?" त्यांनी काम चोख केलं. काढलेला शॉकअप त्यांच्या नातवाच्या सायकलला बसला आणि गल्लीत त्या पोराचा भाव वधारला.

आता कुणी म्हणेल, खड्ड्यांच्या जिल्ह्यात शॉकअप काढणं हा शुद्ध आचरटपणा आहे. नाही. आमच्याकडे सायकलवाल्याचा वैरी खड्डा नव्हे. वैरी दोन: काळी माती आणि काटा.

बेसॉल्ट झिजून झालेली ही माती उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पाडते आणि मिरगाच्या पहिल्या पावसात फुगून चिकट होते. पाणंदीत वीस पावलं सायकल फिरली की टायरवर मातीचा थर चढतो, त्यात धसकटं आणि पाचट भरतं, आणि हे सगळं चिमटा व टायर यांच्यामध्ये ठासून बसतं. चाक फिरायचं थांबतं. तिथून पुढे सायकल माणसावर बसते. जगातले शौकीन टायर सव्वादोन इंची असावं की अडीच इंची यावर रात्र-रात्र वाद घालतात. आमच्याकडे जून ते सप्टेंबर माप एकच, टायर आणि चिमट्यामध्ये बोटं किती जातात. मी मुद्दाम बारीक टायर आणि रुंद चिमटा निवडला आणि रिमचे ब्रेक काढून डिस्क ब्रेक घेतले, कारण चिखल आधी रिमच्या ब्रेकपाशीच अडतो. हा शोध लावल्याच्या आनंदात असतानाच दैठण्याच्या वाटेवर एक शेतकरी भेटला. जुनी ॲटलस, मडगार्ड पावसाळ्यापुरती काढून ठेवलेली, आणि कॅरिअरला खोचलेली एक तुराटी. दर पन्नास पावलांवर तो उतरायचा, तुराटीनं चिखल खरवडायचा आणि पुढं जायचा. तेव्हापासून माझ्या पाठपिशवीत षट्कोनी पान्यांच्या परदेशी संचाशेजारी तुराटी असते. संच अजून फारसा लागलेला नाही.

काट्याचं प्रकरण याहून गंभीर. बाभूळ आणि वेडी बाभूळ तर आहेच, पण खरा गनीम सराटा. कसाही पडला तरी एक टोक वर करूनच पडतो. यावर आधुनिक उपाय म्हणजे ट्यूब काढून टाकायची आणि टायरात पातळ रबरी द्रव भरायचा. काटा घुसला की द्रव बाहेर येऊन भोक बुजवतो. उपाय उत्तम, फक्त तो शोधणाऱ्यांनी परभणीचा मे महिना पाहिलेला नसावा. पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर गेला की आतला द्रव वाळून त्याची पोळी होते आणि तुम्ही पुन्हा चाचांकडे. हाच सराटा आपल्या जुन्या जगातून अमेरिकेत पोहोचला आणि तिथं त्यानं सायकलवाल्यांना इतकं रडवलं, की आयडाहो राज्यातल्या बॉइसी शहरात 2018 पासून त्याच्या नावानं उत्सवच भरतो. लोक गोण्या भरभरून सराटे उपटून आणतात. आपल्याकडे तण काढणं आणि उत्सव करणं ही दोन कामं अजून एकत्र आलेली नाहीत, हे एक बरं आहे.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर या नादाचं मूळही तिथलंच. कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत माउंट तामल्पाइस नावाचा 784 मीटर उंचीचा डोंगर आहे. 1970च्या दशकात चार्ली केली, गॅरी फिशर, जो ब्रीझ अशी मंडळी जाड टायरच्या जुन्यापुराण्या, वजनदार सायकली त्या भागातल्या उतारांवरून सुसाट सोडायची. ब्रेक मागच्या हबात, पायडल उलटं दाबलं की लागणारा. एका उतारात तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि हबात पुन्हा ग्रीस भरावं लागायचं. म्हणून त्यातला एक उतारच रिपॅक नावानं ओळखला जाऊ लागला. 21 ऑक्टोबर 1976 ला तिथं पहिली शर्यत झाली. पुढं वर्ष-दोन वर्षांत जो ब्रीझनं खास या कामासाठी फ्रेमी बांधल्या. रॉकशॉक्स कंपनीचा पहिला शॉकअप आला तो थेट 1989-90 च्या सुमारास. म्हणजे माउंटन बाइकची पहिली बारा-तेरा वर्षं रिजिडवरच गेली. मी नवं काही करत नाही, जुन्या मार्गाला लागलोय, एवढंच माझं म्हणणं. चाचांना ही सगळी हकीकत सांगितली तेव्हा त्यांना वेगळंच महत्त्वाचं वाटलं. "गोळ्या धुऊन ग्रीस भरायचं काम मी शाळा उघडायच्या टायमाला करतो, वर्षातून एकदा. ते एका उताराला करायचे? मग तिथल्या मिस्त्रीचं बरं चाललं असंल."

'जगात जर्मनी, भारतात परभणी' हे आम्ही लहानपणापासून छाती फुगवून म्हणत आलो. का म्हणायचं, ते विचारायचं नसतं. निदान सायकलच्या सुट्या भागांपुरती त्यातल्या पहिल्या अर्ध्याबद्दल माझी खात्री पटली आहे. जर्मनीतल्या कासेलजवळ रोलोफ नावाची कंपनी 1998 पासून एक हब विकते. चौदाच्या चौदा गिअर त्या बंद डब्याच्या पोटात. चिखल आत शिरायला वाव नाही, चेन सरकवणारी, बाहेर लोंबणारी नाजूक डिरेलर नाही. पाच हजार किलोमीटरला थोडं तेल बदललं की झालं. काळ्या मातीसाठीच जन्माला आलेली वस्तू. तिची किंमत इथं लिहीत नाही, कारण हा अंक आमच्या घरी येतो.

जिंतूर रोडला एका चढावर मी गिअरच्या ऐपतीबद्दल असाच विचार करत, सगळ्यात हलक्या गिअरमध्ये चाललो होतो. मागून शाळेच्या मुली आल्या. मानव विकास कार्यक्रमातून मुलींना मिळतात त्या सायकली, गिअर नाही, शॉकअप नाही, कॅरिअरवर एक मैत्रीण आणि पुढच्या टोपलीत दोघींची दप्तरं. पायात चपला. गप्पा न थांबवता त्या मला ओलांडून गेल्या. त्यातली एक मागं वळून काळजीनं म्हणाली, "सर, चेन पडली का?"

मी म्हणालो, "हो."

शेवटी एक विनंती. ॲटलसचा साहिबाबादचा कारखाना 2020 मध्ये 3 जूनला, म्हणजे नेमक्या जागतिक सायकल दिनी बंद पडला. जुनं पोलादी सामान आता वाड्यांच्या माळवदावर आणि गोठ्यांच्या आढ्यालाच उरलं आहे. परभणी, पाथरी, सेलू, मानवत, कुठंही, तुमच्याकडे सव्वीस इंची सायकलचा सरळ चिमटा गंजत पडला असेल तर भंगारवाल्याला घालू नका. मी भंगाराच्या दुप्पट भाव देतो. निरोप चाचांच्या दुकानात ठेवा. घरी कळवू नका.