मापात पाप, छापून साफ

लातुरात भिंत मोकळी दिसली की समजावं, जुना क्लास बंद पडलाय आणि नव्या क्लासचा पेंटर चहाला गेलाय. उद्योग भवनाच्या परिसरात परवा अशीच एक ताजी पाटी दिसली. वर डॉक्टर होणारे टॉपर, खाली इंजिनिअर होणारे टॉपर आणि मधल्या फटीत ही ओळ: 'किराणा दुकानदारांसाठी रिपीटर बॅच. नव्या बाजारपेठेचा संपूर्ण सिलॅबस. डेमो लेक्चर मोफत.' पाटी खरी की माझ्या डोळ्यांचा भास, हे विचारू नका. आज नसली तर दिवाळीपर्यंत नक्की लागेल. दहावी-बारावीचा लातूर पॅटर्न देशाला देणारं गाव दुकानदारी तेवढी मोकळी कशी सोडेल?

मी आमच्या गल्लीतल्या आप्पांना सोबत नेलं. आप्पांचं किराणा दुकान गंजगोलाईतून फुटणाऱ्या सोळा रस्त्यांपैकी एका रस्त्यावर आहे. १९१७ साली फैयाजुद्दीन नावाच्या नगररचनाकाराने ही गोलाई आखली. मध्ये देवीचं देऊळ, भोवती दुकानं आणि चहूबाजूंनी येणारे रस्ते. कुठूनही आत शिरा, फिरून फिरून माणूस दुकानासमोरच उभा राहतो. अ‍ॅपवाल्यांना हे जमायला पुढे शंभर वर्षं लागली.

"आप्पा, चला. फुकट शिकवायलेत."

"या वयात? मंग रिझल्ट लागल्यावर माझा बी फोटो लावतेत का भिंतीवर?"

हॉल खच्चून भरला होता. उदगीर, अहमदपूर, देगलूर, कंधार, सगळीकडचे दुकानदार आले होते. नांदेडच्या जुन्या मोंढ्यातली मंडळी पहिल्या बाकावर बसली होती आणि लातूरकर त्यांच्याकडे २०१७ साली आपली मुंबईची गाडी पुढे बिदरपर्यंत नेली तेव्हाच्या नजरेने बघत होते. नांदेडकरांचं म्हणणं एकच, हा क्लास नांदेडला व्हायला हवा होता. विभागीय आयुक्तालय कुठे व्हावं याचं घोंगडं दोन्ही गावांत इतकी वर्षं भिजत पडलेलं आहेच. त्याच्या शेजारी हेही पडलं.

सर पुण्याहून आले होते. त्यांनी स्वतः दुकान कधी चालवलं नव्हतं, पण लातुरात ही अडचण धरत नाहीत. 'नीट' परीक्षेसाठी शिकवणारे सर तरी कुठे ऑपरेशन करतात? सरांनी फळ्यावर पहिलं वाक्य लिहिलं: ग्राहक राजा आहे.

"म्हणून तर उधारी थकली," आप्पा पुटपुटले. "राजाच्या दारात वसुलीला जाता येतंय का?"

पहिला विषय फिजिक्स. वस्तू तापली की प्रसरण पावते, हे शाळेतलं. महागाई तापली की वस्तू आकुंचन पावते आणि किंमत होती तिथेच राहते, हे बाजारातलं. सरांनी उदाहरण तेलाच्या पिशवीचं घेतलं. एक लिटर तेल वजनात साधारण ९१० ग्रॅम भरतं. तेल, चहा, बिस्किटं, साबण असल्या वस्तू ठरलेल्या मापांतच विकायच्या असा पूर्वी नियम होता. २०२२ साली वैधमापनाच्या नियमांतून मापांची ती यादीच काढून टाकली. तिच्या जागी नवी अट आली: एका ग्रॅमला किंवा मिलिलिटरला किती पैसे पडतात ते पाकिटावर छापायचं. माप मोकळं झालं तशा बाजारात ८५० ग्रॅमच्या आणि ८०० ग्रॅमच्या पिशव्या आल्या. उंची तीच, रंग तोच, त्यावरची हसरी गृहिणीही तीच. आतलं तेल तेवढं डाएटवर गेलं.

"याला म्हणायचं मूल्यवर्धन," सर म्हणाले.

आप्पा उभे राहिले. मला वाटलं प्रश्न विचारतील, पण त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली. "आमच्या बापाच्या काळात काही दुकानदार पारड्याखाली चिंच चिकटवायचे. गिऱ्हाइकाला छटाकभर कमी जायचं. वजनमापवाल्यानं धरलं की दंड, वर गावभर नाचक्की. आता चिंच वरूनच लागून येती. आन् 'चिंच लावलेली आहे' म्हणून पाकिटाच्या मागं मुंगीच्या अक्षरात छापून बी येती. तवा दंड कुणाला करायचा सांगा?"

हॉलमध्ये हशा पिकला. मापात पाप म्हणतात ते हेच. फरक एवढाच की पाप छापलं की साफ होतं आणि शिव्या दुकानदाराच्या खात्यावर जमा होतात. आप्पांच्या दुकानात गिऱ्हाईक येऊन म्हणतं, "आप्पा, तेल महिनाभर जायचं, आता पंचविसाव्या दिवशीच संपायलंय. तुम्ही काढून घेता का वो त्यातलं?" सीलबंद पिशवीतून तेल काढायची विद्या अवगत असती तर आप्पा दुकान कशाला चालवत बसले असते?

दुसरा विषय गणित. सरांनी नेमका प्रश्न घातला: २२ सप्टेंबर २०२५ रोजी बिस्किटांवरचा जीएसटी १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, तर पाच रुपयांचा पुडा कितीला विकाल? नांदेडच्या वजिराबादमधल्या एका तरुण दुकानदाराने मोबाइल न काढता उत्तर दिलं: चार रुपये पंचेचाळीस पैसे. बरोबर. तशा किमतीचे पुडे काही दिवस बाजारात आलेही.

"आन् वरचे पंचावन्न पैसे कुठून देऊ?" आप्पांनी विचारलं. प्रश्न बिनतोड होता. पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर चलनातून गेली. पूर्वी असल्या वेळी गिऱ्हाइकाच्या हातावर गोळी टेकवायची सोय होती. मराठवाड्यातल्या कित्येक पोरांचे दात सुट्ट्या पैशांच्या टंचाईने किडले आहेत. मोबाइलवर पैसे भरायची पद्धत आली आणि गोळ्यांचा तो धंदाही बसला. त्या दिवसांत गिऱ्हाईक चार रुपये पंचेचाळीस पैसे बरोब्बर मोजायचं, गल्ल्याजवळचा डबा ती रक्कम अख्ख्या गल्लीला ओरडून सांगायचा, आणि त्या ओरडण्याचं भाडं दरमहा दुकानदार भरतो.

शेवटी पाच रुपयांच्या पुड्यांची गाडी पुन्हा जुन्या रुळावर आली. किंमत पाचच, कराची सूट ग्रॅमच्या रूपात पुड्याच्या आत. किमती बदलल्या की पुड्यावर नवी चिठ्ठी कुणी चिकटवायची, जुन्या मालाचा फरक कुणी सोसायचा, हे प्रश्न सरांनी गृहपाठाला दिले. दुकानदारांचा गृहपाठ तेव्हापासून झालेलाच आहे.

तिसरा विषय जीवशास्त्र, म्हणजे गिऱ्हाइकाचा स्वभाव. यात मागणी बघून क्षणाक्षणाला भाव बदलायचा. सर म्हणाले, ही अमेरिकेतली ताजी विद्या आहे. मागच्या बाकावरून उदगीरकडचे एक पाव्हणे बोलले, "सर, आमच्या हाळी-हंडरगुळीच्या बाजारात या एकदा. देवणी बैलाचा भाव तिथं रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. मिनिटाला चारदा बदलतो." सर हे टिपून घेऊ लागले तेव्हा पाव्हण्यांनी पुढचं सांगितलं, "पण त्या रुमालाखाली घेणाऱ्याचा बी हात असतो." सरांनी पेनाचं टोपण लावलं.

त्याच विषयात दुसरा धडा होता फसव्या अ‍ॅपखोड्यांचा. ग्राहकांना जाळ्यात ओढणाऱ्या १३ खोड्यांची यादी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी मार्गदर्शक तत्त्वांत घातली आणि त्यांवर बंदी आणली. 'शेवटचे दोनच नग उरले' अशी खोटी घाई करणं, न मागितलेली वस्तू गुपचूप टोपलीत सरकवणं, 'नको' म्हणणाऱ्याला लाजवणं, पैसे भरताना शेवटच्या पानावर आकार वाढवणं. दुकानदार यादी वाचून गहिवरले. 'शेवटचंच पोतं राहिलंय, उद्या भाव वाढणारंय' हे वाक्य लातूरच्या मोंढ्यात पिढ्यान् पिढ्या चालत आलंय, आणि त्याची दखल दिल्लीने घेतली म्हणजे केवढा सन्मान! आप्पांनी कबूल केलं की दुकानदार काही धुतल्या तांदळाचा नाही. मिरचीत पाणी मारणारे, डाळीत खडा सोडणारे, उधारीच्या वहीत एकाचे दोन करणारे याच गोलाईत होऊन गेले. "पण आमचं तोंड तरी दिसायचं," आप्पा म्हणाले. "शिव्या घालायला मानूस समोर असायचा."

मग आली दहा मिनिटांत घरपोच देण्याची गोष्ट. मोठ्या शहरांत अशी अंधारी गोदामं उघडली आहेत, तुम्हीही तयारीला लागा, असं सर म्हणाले. लातूरकर यावर गंभीर झाले. ज्या गावाने एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने येणाऱ्या पाण्याची वाट बघितली आणि पहिल्या खेपेचं पाच लाख लिटर पाणी उतरताना पाहिलं, त्या गावाला 'घरपोच' हा शब्द विनोदी वाटत नाही. आम्हाला कोथिंबीर दहा मिनिटांत नको, नळ वेळेवर पाहिजे, असं एकाने सुनावलं. नांदेडकरांनी वेगळीच बाजू काढली. ठरावीक रकमेच्या वर खरेदी केली तरच घरपोच फुकट, हे 'फुकट' त्यांना पटेना. 'फ्री'च्या खाली बारीक अक्षरं नसतात अशी एकच जागा त्यांना ठाऊक आहे, ती म्हणजे सचखंड गुरुद्वाऱ्याचा लंगर.

त्यानंतर विषय निघाला मोठ्या साखळ्यांचा. एकच कंपनी, एकच टूथपेस्ट, पण मोठ्या घाऊक साखळीला एक भाव आणि गावच्या वितरकाला दुसरा. याच कारणावरून वितरकांच्या देशव्यापी महासंघाने १ जानेवारी २०२२ पासून महाराष्ट्रात कोलगेटच्या मॅक्सफ्रेशचा पुरवठा थांबवण्याची हाक दिली होती. त्या भांडणात दात कुणाचे पडले हे सांगत सर बसले नाहीत. त्यांनी एवढंच सांगितलं, की मोठ्या दुकानात माल ज्या भावाला विकतात, त्या भावाला आप्पांना तो घ्यायलाही मिळत नाही, आणि या अवस्थेला 'निकोप स्पर्धा' म्हणतात.

शेवटी चाचणी झाली. चार पर्याय, एक उत्तर, चुकीला उणे गुण. पेपर गोळा करताना सर म्हणाले, "ग्रामीण मागणी लवकरच परत येणार आहे. कंपन्यांचा तसा अंदाज आहे. कुणाची शंका?"

नांदेडच्या बाकावरचे एक वयस्क दुकानदार उठले. दुकान मुखेडकडचं. "सर, मागणी कुठं गेली होती ते मी सांगू का? घटस्थापनेला बिस्किटाचा कर उतरला. त्याच दिवसांत आमचं सोयाबीन पाण्यात हुतं. पावसानं ऑगस्टात गावं नेली, सप्टेंबरात पीक नेलं. जे वाचलं ते मोंढ्यात आलं. हमीभाव हुता ५३२८ रुपये क्विंटल, आन् मोंढ्यात बोली त्याच्या किती खाली लागली ते इथल्या आडत्यांना इचारा. माझं गिऱ्हाईक आडत्यानं दिलेल्या पट्टीवर जगतं. पट्टी हलकी आली की माझी वही जड होती. या प्रश्नाचं उत्तर अ, ब, क, ड मधलं कोणतं?"

सरांनी पान उलटलं, परत उलटलं आणि म्हणाले, "हे आउट ऑफ सिलॅबस आहे."

बाहेर पडल्यावर आप्पा बराच वेळ बोलले नाहीत. गोलाईजवळ आल्यावर त्यांनी हिशेब मांडला. शेतकरी मोंढ्यात सोयाबीन ओततो आणि भाव घेणाऱ्याच्या तोंडून ऐकतो. त्याच सोयाबीनचं तेल पिशवीत बसून गोलाईत येतं तेव्हा त्यावर किंमत आधीच छापलेली असते. सप्टेंबर २०२४ मध्ये शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून खाद्यतेलावरचं आयातशुल्क वाढवलं, तेव्हा दुकानातलं तेल लगेच महागलं आणि मोंढ्यातलं सोयाबीन हमीभावाच्या खालीच राहिलं. पुढे मे २०२५ मध्ये ग्राहकासाठी कच्च्या तेलावरचं मूळ शुल्क २० टक्क्यांवरून १० वर आणलं. दोन्ही वेळा शेतकरी आणि ग्राहक म्हणजे एकच माणूस होता. सकाळी तो मोंढ्यात उभा असतो, दुपारी गोलाईत.

"पिकवणाऱ्याला भाव छापता येत न्हाई, आन् इकणाऱ्याला छापलेला खोडता येत न्हाई," आप्पा म्हणाले. "छापखाना तिसऱ्याचाच हाय."

क्लासची फी आप्पांनी भरली नाही, त्यामुळे भिंतीवर त्यांचा फोटो लागणार नाही. तुम्ही मात्र आज घरी एवढं करा. चष्मा लावा, तेलाची पिशवी हातात घ्या आणि ती उलटी करा. समोर चित्र आहे, माप मागे आहे. ते मोठ्याने वाचा आणि मगच दुकानदाराला शिव्या घालायला निघा.