बडनेऱ्याचा नेमशास्त्री

नेमशास्त्री ही संज्ञा येथे अशा गृहस्थासाठी वापरली आहे, जो महाकाय यंत्रमानवांच्या व्हिडिओ गेममध्ये शत्रूवर नेम धरण्याची तयारी वर्षानुवर्षे करतो आणि त्या तयारीत प्रत्यक्ष लढाईचा व्यत्यय शक्यतो येऊ देत नाही. हा वर्ग जगभर आढळतो; तथापि बडनेऱ्यात त्याची वाढ विशेष जोमदार असून त्याची कारणे स्थानिक आहेत. हावडा-नागपूर-मुंबई लोहमार्गावरच्या या जंक्शनावर अमरावतीचा प्रवासी उतरतो आणि उरलेल्या नऊ-दहा किलोमीटरसाठी दुसऱ्या गाडीची वाट पाहतो, त्यामुळे पोहोचण्याच्या अलीकडच्या अवस्थेत सुखाने राहण्याचे शिक्षण येथील माणसास वेगळे द्यावे लागत नाही. शिवाय १९८३ पासून गावात अभियांत्रिकी महाविद्यालय असल्याने, कोणताही पराभव हा मुळात मोजमापाचा दोष असतो असे मानणारी एक पिढी जुन्या वस्तीत आणि नव्या वस्तीत सारख्याच प्रमाणात तयार झाली आहे. नेमशास्त्री याच पिढीचा असून तो स्पर्धा परीक्षेची तयारीही करीत असतो, आणि त्याही बाबतीत त्याच्या अभ्यासापेक्षा वेळापत्रक अधिक देखणे असते, परंतु तो स्वतंत्र विषय आहे.

त्याचा व्यासंग समजण्यासाठी यंत्रमानवाची शरीररचना ध्यानात घेतली पाहिजे. साध्या बंदुकीच्या गेममध्ये खेळाडू जिकडे पाहतो तिकडे गोळी जाते. पिरान्हा गेम्स या कॅनडातील कंपनीने २०१३ साली आणलेल्या 'मेकवॉरियर ऑनलाइन'मध्ये मात्र यंत्रमानवाचे पाय एका दिशेने चालतात, कमरेवरचे धड दुसऱ्या दिशेला वळते आणि धडाला जोडलेले हात आणखी तिसरीकडे रोखता येतात. म्हणून पडद्यावर नेमाच्या खुणाही दोन असतात, एक धडावरच्या शस्त्रांची आणि दुसरी, वर्तुळाकार, हातांतल्या शस्त्रांची. हात चपळ असल्यामुळे त्यांची खूण आधी पोहोचते आणि धडाची मागाहून येते. या दोन्ही खुणा एकत्र बांधून ठेवण्याची जी सोय सेटिंग्जमध्ये आहे, तिला 'आर्म लॉक' म्हणतात: ती चालू केली की सर्व शस्त्रे एकाच ठिकाणी रोखली जातात, पण हातांची अंगची चपळाई वाया जाते. ती चालू ठेवावी की बंद, याविषयी नेमशास्त्र्याची दोन मते असून दोन्ही ठाम आहेत. दरम्यान पाय कोठे चालले आहेत याकडे लक्ष देण्यास कोणी मोकळे नसल्याने, बहुतेक लढायांत त्याचा यंत्रमानव एखाद्या इमारतीला छाती लावून जागच्या जागी चालत असतो.

याहून कठीण गोष्ट अशी की, धड किती वेगाने वळावे हे अखेर ते यंत्रच ठरवते. सेन्सिटिव्हिटी, म्हणजे हाताच्या हालचालीला दृश्याने किती प्रतिसाद द्यावा याचे प्रमाण, कितीही वाढवली तरी १०० टनांचा 'ॲटलस' कापसाने शीग लावून भरलेल्या बंडीसारखाच वळणार आणि तेवढ्या वेळात २० टनांचा 'लोकस्ट' त्याच्या पाठीमागे जाऊन आपले काम उरकणार, हे त्या गेमच्या रचनेतच आहे. नेमशास्त्र्यास हे पूर्णपणे ठाऊक असते, किंबहुना इतरांना ते प्रथम त्यानेच समजावून सांगितलेले असते. तरीही तो सेन्सिटिव्हिटी ०.४१ वरून ०.४२ वर नेतो आणि पुढच्या लढाईनंतर, म्हणजे पुढच्या पराभवानंतर, यंत्र किंचित हलके वाटले अशी नोंद आपल्या दोनशेपानी वहीत करतो.

या वहीतील मुख्य रकाना 'सेंटीमीटर प्रति प्रदक्षिणा' हा होय. माउस किती सरकवला असता दृश्य पूर्ण ३६० अंशांत फिरून मूळ जागी येते, त्या अंतराला हे नाव असून, निरनिराळ्या गेममधील सेन्सिटिव्हिटीचे आकडे एकमेकांशी जुळत नसल्याने जगभरचे जाणकार याच मापाने बोलतात. उदाहरणार्थ, 'काउंटर-स्ट्राइक'मध्ये सेन्सिटिव्हिटी १ असताना माउसच्या एका नोंदीला दृश्य ०.०२२ अंश वळते. माउस ८०० डीपीआयचा, म्हणजे एका इंचात ८०० नोंदी करणारा असेल, तर एका प्रदक्षिणेला सुमारे ५२ सेंटीमीटर लागतात. ही आकडेमोड निर्दोष आहे. अडचण फर्निचरची आहे, कारण संगणकाच्या टेबलाखाली सरकणाऱ्या ज्या फळीवर कीबोर्ड असतो तिच्यावर माउससाठी वीतभर जागा उरते, आणि एवढ्या जागेत शत्रूकडे अर्धवट वळून थांबावे लागते. नेमशास्त्र्याने यावर काढलेला उपाय म्हणजे जेवणाचा पाट मांडीवर आडवा घेणे हा होय. त्यामुळे घरी पाहुणे आले की पंगतीत एक पाट कमी पडतो आणि स्वयंपाकघरातून "काहून रे, पाट देतं का नाही आता?" अशी पृच्छा होते, तेव्हा शास्त्र काही काळ स्थगित राहते.

येथे हवामानाचाही विचार करावा लागतो, आणि ही वऱ्हाडची या शास्त्रास खास देणगी मानावी लागेल. मे महिन्यात पारा ४५ अंशांकडे सरकतो, खिडकीत कूलर लागतो, कूलरच्या दमट हवेने माउसखालचे कापडी पॅड ओलसर होते आणि माउस अडखळत सरकतो. म्हणून वहीत उन्हाळी आणि हिवाळी असे दोन विभाग केलेले असतात. भर दुपारी वीज गेली तर घाम आणि अंधार यांचा एकत्रित परिणाम मोजण्याची संधी हुकल्याबद्दल त्याला मनापासून हळहळ वाटते.

नेमशास्त्र्यास आपल्या विषयाचा इतिहासही मुखोद्गत असतो. १९८४ साली अमेरिकेतील फासा कंपनीने 'बॅटलटेक' हा पटावरचा खेळ काढला, तेव्हा नेम लागला की चुकला हे दोन फाशांच्या बेरजेवर ठरत असे, आणि त्या काळी जन्म घ्यावयास हवा होता असे त्याला अधूनमधून वाटते. सेगाच्या १९९५ च्या 'व्हर्च्युअल-ऑन'मध्ये दोन दांडे दोन्ही हातांत धरून यंत्र फिरवावे लागे. त्याची खरी भक्ती मात्र कॅपकॉम कंपनीच्या २००२ सालच्या 'स्टील बटालियन'वर आहे, जो त्याने कधी पाहिलेला नाही. या गेमबरोबर चाळीसच्या आसपास बटणे, दोन दांडे आणि पायांखालचे तीन पेडल असा एक अवाढव्य नियंत्रणफलक मिळत असे. यंत्र सुरू करण्यासाठीच पाच खटके ओढावे लागत, आणि यंत्र कोसळताना बाहेर पडण्याचे बटण वेळेवर दाबले नाही तर खेळाडूची साठवलेली सगळी प्रगती पुसली जाई. लढाईपूर्वी पाच खटके ही व्यवस्था त्याला मनापासून पटते. ते पाचच का, एवढाच त्याचा आक्षेप आहे.

त्याची सामाजिक प्रतिष्ठा मात्र यंत्रमानवांवर उभी नसून ती मोबाइलवरची आहे. 'बीजीएमआय' हा बंदुकीचा गेम खेळणारी आसपासची पोट्टी संध्याकाळी त्याच्याकडे "भाऊ, जरा सेन्सिटिव्हिटी बसवून द्या न" म्हणत येतात. या गेममध्ये दुर्बिणीगणिक वेगळी सेन्सिटिव्हिटी ठेवता येते. शिवाय फोन कलला की नेम सरकवणारा जायरोस्कोप, म्हणजे फोनचे कलणे ओळखणारा संवेदक, याचे आकडे आणखी निराळे असतात. नेमशास्त्री प्रथम अंगठ्याची लांबी पाहतो, स्क्रीनगार्ड काचेचा की प्लास्टिकचा हे विचारतो, तळव्याला घाम येतो का याची चौकशी करतो आणि मग बराच वेळ फोन तिरपा धरून गप्प राहतो. मोबदला एक प्लेट गिलावडा असतो. पोट्टी त्याचे आकडे घेऊन जिंकतात, यात त्याच्या विद्येचा वाटा किती आणि त्यांच्या वयाचा किती, हे सांगणे अवघड असले तरी गिलावड्यात त्यामुळे खंड पडत नाही.

या प्रतिष्ठेलाही वाईट दिवस पाहावे लागले. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाइलवर बंदी घातली. २ जुलै २०२१ रोजी तो खेळ बीजीएमआय या नावाने परतला, २०२२ च्या जुलैत पुन्हा दिसेनासा झाला आणि २०२३ च्या मेमध्ये पुन्हा आला. मधल्या काळात पोट्टी 'वॉर रोबोट्स'कडे वळली. हा गेम यंत्रमानवांचाच, म्हणजे नेमशास्त्र्याच्या थेट अधिकारातला. परंतु त्यात शत्रू समोर आला की शस्त्रे आपोआप त्याच्यावर रोखली जातात, त्यामुळे कोणालाही काही बसवून देण्याची गरज उरली नाही. स्वतःचा विषय लोकप्रिय झाल्याने एखाद्या विद्वानाचे इतके नुकसान क्वचितच झाले असेल.

आपोआप लागणाऱ्या नेमाविषयी त्याची अढी तेव्हापासूनची आहे. २५ ऑगस्ट २०२३ रोजी आलेल्या 'आर्मर्ड कोअर ६' या गेममध्ये 'टार्गेट असिस्ट' नावाची सोय आहे, जी कॅमेरा शत्रूवर खिळवून ठेवते आणि खेळाडूला केवळ पळण्याकडे लक्ष देऊ देते. तिच्या बदल्यात यंत्रातील नेम साधणाऱ्या प्रणालीची अचूकता थोडी उतरते. ही किंमत नेमकी किती, ती कोणत्या अंतरावर परवडते आणि नेम साधणाऱ्या प्रणालीचा कोणता सुटा भाग बसवला असता ती भरून निघते, यावर वहीची अकरा पाने खर्ची पडली आहेत. ही पाने लिहीपर्यंत पहिल्याच प्रकरणातील हेलिकॉप्टर, जे नवख्यांना अडवण्यासाठीच ठेवलेले आहे, आपल्या जागी सुखरूप घिरट्या घालीत राहते.

दिवाळीच्या सुटीत अकोल्याहून एखादा आतेभाऊ येतो, आठवी-नववीतला, ज्याने सेटिंग्जचे पान कधी उघडलेले नसते. तो गेम पहिल्यांदा चालू करून सर्व काही मुळात जसे आहे तसे ठेवतो, दुसऱ्या की तिसऱ्या प्रयत्नात ते हेलिकॉप्टर पाडतो आणि चिवडा मागतो. अशा प्रसंगी सामान्य माणूस खजील झाला असता. नेमशास्त्री मात्र हरखून जातो, कारण कंपनीने मुळात दिलेले आकडे तपासून पाहण्याचे आजवर त्याला सुचलेलेच नसते. पोरगा फराळाला बसतो तोवर ते सर्व आकडे वहीत उतरवले जातात, त्यांवर 'अकोला पद्धती' असा मथळा पडतो, आणि डाव्या समासात पेन्सिलीने नोंद होते की आडव्या दिशेची सेन्सिटिव्हिटी दोनाने कमी करून पाहावी.